‘तोंड’ समजायचं असेल तर शेपूट बघा

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळचे कानपूरचे. बदली होऊन ठाण्यात आले, नौपाड्यातल्या एका बँकेत अधिकारी आहेत. त्यांच्या शब्दकोशात ‘तोंड’पुढे ‘मुँह’ एवढंच लिहिलंय. पण शाखेत कोणी म्हणतं ‘ऑडिट तोंडावर आलंय’, साहेब म्हणतात ‘तोंडी नको, लेखी द्या’, डबा देणाऱ्या काकू विचारतात ‘तोंडी लावायला काय पाठवू?’ आणि शेअर रिक्षातल्या बाई सांगतात ‘गल्लीच्या तोंडाशी सोडा’. अर्थांची यादी पाठ करावी का, आणि हा शब्द कुठे वापरला तर समोरच्याला लागेल, असे त्यांचे दोन प्रश्न.

यादी पाठ करू नका. ठाण्यात मी अमराठी नोकरदारांना मराठी शिकवतो. वर्गात येणाऱ्या बहुतेकांच्या वहीच्या मागच्या पानावर ‘तोंड’, ‘हात’, ‘पोट’ यांची अशी यादी असतेच. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे हिंदी अर्थ. यादी लांबत जाते आणि ऐन वेळी कामाला येत नाही, कारण बोलणारा माणूस वाक्प्रचार यादीतल्या रूपात बोलत नाही. ‘तोंडचं पाणी पळणे’ तुम्हाला पाठ असतं आणि समोरचा म्हणतो, ‘नोटीस बघितली आणि पाणीच पळालं हो तोंडचं.’ तुम्ही पाणी शोधत बसता.

त्याऐवजी दोन गोष्टी धरा. या शब्दाच्या पोटात मुळात दोनच कल्पना आहेत. आणि त्यातली कोणती चालू आहे, ते शब्दाला शेवटी काय चिकटलंय त्यावरून कळतं. तोंडावर, तोंडात, तोंडाशी, तोंडाला, तोंडी, तोंडून, तोंडचा. मराठी माणसाचा कान ‘तोंड’कडे नसतोच, या शेपटांकडे असतो.

पहिली कल्पना भोकाची: जिथून काही आत जातं किंवा बाहेर येतं ती जागा. म्हणून बरणीला तोंड असतं आणि लोणचं घातलं की त्या तोंडाला फडकं बांधतात. जांभळी नाक्यावर भाजी घेताना ‘पिशवीचं तोंड नीट बांधा’ हे तुम्ही ऐकलं असेल. गोणीला तोंड असतं, नळाला असतं, पिकलेल्या गळवाला असतं. कळवा आणि मुंब्रा यांच्यामधला पारसिक बोगदा १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब. त्याला दोन तोंडं, एक कळव्याकडचं, एक मुंब्र्याकडचं. तुमच्या रिक्षातल्या बाईंची गल्ली याच जातीची. जिथून गल्लीत शिरतात ते तिचं तोंड, आणि ‘तोंडाशी’ म्हणजे तिथेच बाहेर, आत वळायचं नाही. रिक्षावाल्याला हा ‘शी’ फार प्रिय असतो, त्याचं मागे वळवणं वाचतं.

दुसरी कल्पना पुढच्या बाजूची. ‘घराचं तोंड पूर्वेला आहे’, ‘भिंतीकडे तोंड करून उभा राहा’. घोडबंदर रोडवरच्या नव्या इमारतींच्या जाहिरातीत हेच ‘पूर्वाभिमुख’ होतं, दरही त्याप्रमाणे चढतो. माणसाच्या डोक्याची पुढची बाजू म्हणजे चेहरा, म्हणून ‘तोंड’ म्हणजे चेहराही. हिंदीतला ‘मुँह’ही हे दोन्ही करतो, तेव्हा इथवर तुम्हाला जड जाऊ नये.

आता शेपटं. सगळ्यात जास्त गोंधळ ‘तोंडावर’चा होतो, म्हणून तिथे जरा थांबू.

‘तोंडावर’च्या आधी एखाद्या प्रसंगाचं किंवा हंगामाचं नाव ‘च्या’ लावून आलं, तर तो काळ आहे: अगदी पुढ्यात येऊन ठेपलेला. दिवाळीच्या तोंडावर, निवडणुकीच्या तोंडावर. पावसाळ्याच्या तोंडावर नालेसफाई, हे तर आपल्याकडच्या स्थानिक बातम्यांचं दर मे महिन्यातलं ठरलेलं वाक्य. किंवा तो प्रसंगच कर्ता होतो आणि चालत येतो: परीक्षा तोंडावर आली, लग्न तोंडावर आलं, तुमचं ऑडिट तोंडावर आलं. या वापरात नेहमी थोडी घाई, थोडी धास्ती असते. ‘सुट्टी तोंडावर आली’ कोणी फारसं म्हणत नाही, आणि म्हटलंच तर तिकीट काढायचं राहिलेलं असतं. घड्याळाच्या वेळेला हे चालत नाही. ‘पाचच्या तोंडावर भेटू’ नाही, ‘पाचच्या सुमारास भेटू’.

सांगणं, बोलणं, हसणं, नाकारणं अशी क्रिया असली तर ‘तोंडावर’ म्हणजे समोरासमोर, आडपडदा न ठेवता. ‘त्यानं साहेबांच्या तोंडावर सांगितलं.’ याच्या पोटात कौतुक आहे की नाराजी, हे बोलणाऱ्याच्या स्वरावर. ‘तोंडावर गोड बोलतो’ म्हटलं मात्र की पुढचं अर्धं वाक्य न बोलताच कळतं.

आणि पडणं असलं तर दोन शक्यता: माणूस खरोखर पालथा आपटला, किंवा चारचौघांत त्याची फजिती झाली. इथे एक शेजारी आहे, ‘तोंडघशी पडणे’. बरेच जण दोन्ही एकच मानतात. मी नाही मानत. मोठी बढाई मारून स्वतःच आपटला तर तो तोंडावर पडला. दुसऱ्यावर विसंबला आणि त्यानं ऐन वेळी हात वर केले, तर तोंडघशी पडला. म्हणूनच ‘त्यानं मला तोंडघशी पाडलं’ हे इतकं सहज येतं. बँकेत तुम्हाला दुसरंच जास्त लागेल. जामीनदार तोंडघशी पडतात.

‘तोंडी’ची कथा वेगळी. आजच्या मराठीत ‘मध्ये’ सांगायला ‘त’ लागतो: तोंडात, घरात, हातात. त्याच्याही आधीचा जुना प्रत्यय ‘ई’ होता, आणि तो काही शब्दांत अजून तग धरून आहे: घरी, दारी, हाती, पायी. ‘पायी आलो’ म्हणजे पायांनी चालत आलो. तसंच तोंडी म्हणजे तोंडात, किंवा तोंडानं. एवढं लक्षात ठेवलं की साहेबांचं ‘तोंडी नको’ आणि काकूंचं ‘तोंडी लावायला’ हे एकाच घरातले दोघे आहेत हे दिसेल. तोंडी परीक्षा, तोंडी आदेश, कोर्टातला तोंडी पुरावा, हे सगळं कागदावर नसलेलं, तोंडानं झालेलं. ‘सगळ्यांच्या तोंडी तेच नाव’, इथे तोच ‘ई’ ‘तोंडात’ या अर्थाने आला. वयाने किंवा हुद्द्याने लहान माणूस मोठ्यांना काही सुचवताना आधी म्हणतो, ‘लहान तोंडी मोठा घास घेतोय’. शाखेतल्या बैठकीत हे वाक्य टाकून बघा, नंतरची सूचना लोक जरा सौम्यपणे ऐकतात.

तोंडी लावणं म्हणजे मुख्य जेवणासोबत अधूनमधून जिभेला लावायची गोष्ट: लोणचं, चटणी, कोशिंबीर, पापड, मिरगुंड. खाडीकाठच्या घरांत सुकटाची किंवा जवळ्याची चटणी. ते पोट भरायला नसतं, बाकीचं घशाखाली उतरावं म्हणून असतं. म्हणून काकूंना ‘तोंडी लावायला दोन पोळ्या द्या’ असं सांगू नका, हसतील. पण ‘भाषणात तोंडी लावायला एक किस्सा होता’ असं तुम्ही बेलाशक म्हणू शकता.

‘तोंडाचा’ आणि ‘तोंडचा’ यातला फरक व्याकरणाच्या छोट्या पुस्तकांत सहसा सापडत नाही, आणि तो कळल्यावर मराठीचं एक अख्खं दालन उघडतं. तोंडाचा कर्करोग, तोंडाचा वास, तोंडाचा आकार: तो अवयव आणि त्याचं काहीतरी. तोंडचा घास, तोंडचं पाणी: तोंडाशी, तोंडात असलेलं आणि आता जाऊ शकेल असं. ‘घराचा’ आणि ‘घरचा’ घ्या. घराचा रंग म्हणजे भिंतींचा. घरचा डबा म्हणजे घरून आलेला, मायेचा. हिशेबातला ‘हातचा एक’ घ्या, तो हाताचा नव्हे. ‘चा’ थेट मूळ शब्दाला लागला, मधला ‘आ’ गळाला, की नातं ठिकाणाचं आणि जवळिकीचं होतं. अवकाळी पावसात ‘हातातोंडाशी आलेलं पीक गेलं’ हे वाक्य दरवर्षी छापून येतं. त्याच शेतकऱ्याला विचारलंत तर तो म्हणेल ‘तोंडचा घास गेला’. ‘तोंडाचा घास’ तो म्हणणार नाही.

‘तोंडात’ साधं वाटतं, पण एक खड्डा आहे. ‘त्यानं तोंडात मारली’ याचा अर्थ गालावर चपराक दिली. आत काही गेलेलं नाही. ‘तोंडात मारल्यासारखा चेहरा’ म्हणजे अपमानाने उतरलेला. बाकी मग तोंडात बोटं घालणं (आश्चर्य), तोंडात तीळ न भिजणं (गुपित न राहणं), हे सरळ चित्रातून कळतं, त्यावर वेळ घालवायला नको.

‘तोंडून’ सगळ्यात सभ्य. ‘तुमच्या तोंडून मराठी ऐकून बरं वाटलं’ हे तुम्हाला कोणी ना कोणी म्हणेलच. त्यात कसलाही उणेपणा नाही.

‘तोंडाला’ दोन टोकांना जातो. तोंडाला पाणी सुटणं, तोंडाला चव नसणं, तोंडाला फेस येणं हे शरीराचं. ‘त्याच्या तोंडाला लागू नका’ म्हणजे त्याच्याशी वाद घालू नका, तुमचीच शोभा होईल. तोंडाला पानं पुसणं म्हणजे आशा लावून शेवटी काहीच न देणं. पगारवाढीच्या वेळी शाखेत ऐकू येईल.

प्रत्यय नसलेलं नुसतं ‘तोंड’ आलं, तर क्रियापद बघायचं. इथे सगळी मजा आहे आणि थोडा धोकाही. ‘तोंड आलंय’ असं कोणी म्हणालं तर कोण आलं ते विचारू नका, त्याच्या तोंडात फोड आलेत, तिखट खाता येत नाहीये. ‘डोळे आलेत’ याच जातीचं. संकटाला तोंड देतात, गर्दीला तोंड देतात. ज्याच्यासमोर उभं राहायचं त्याला ‘ला’ लागतो आणि माणूस पाठ फिरवत नाही. वादाला तोंड फुटतं, लढाईला तोंड लागतं, म्हणजे सुरुवात होते. गळवाचं तोंड फुटल्यावर जे होतं तेच, साचलेलं बाहेर येऊ लागतं. पेल्याला तोंड लावायचं नाही, वरून प्यायचं, हे जुन्या घरांत अजून मुलांना सांगतात. हप्ते थकलेला कर्जदार बाजारपेठेत दिसला की तोंड चुकवतो. बोलणं चालू असताना तिसऱ्यानं मध्ये तोंड घातलं तर ते आगाऊपणाचं. तोंड सोडलं तर शिव्या सुरू झाल्या. आणि ‘तोंड काळं करणं’ दोन अर्थांनी येतं: ‘घराण्याचं तोंड काळं केलं’ म्हणजे बदनामी, ‘इथून तोंड काळं कर’ म्हणजे चालता हो. दुसरं तुम्ही फक्त ऐकायचं.

‘तोंड धुणं’ साधं दिसतं, पण सकाळी ‘तोंड धुतलं का?’ असं मुलाला विचारतात तेव्हा दात घासणंही त्यात आलं. तेच मोठ्या माणसाला ‘आधी तोंड धुऊन ये’ असं म्हटलं तर त्याची तेवढी लायकी नाही असं सुचवलं.

जोडशब्दांतला बँकेच्या कामाचा एक आधी घ्या: तोंडमिळवणी. जमा आणि खर्च या दोन बाजू एकमेकींशी जुळवणं, ओढूनताणून का होईना मेळ बसवणं. ‘पगारात महिन्याची तोंडमिळवणी होत नाही’ असं ग्राहक सांगतो तेव्हा तो हिशेबनिसाची भाषा वापरत असतो, आणि ती घरोघरची झालेली असते. घरात ‘खाणारी तोंडं सहा आणि कमावणारे हात दोन’ असं म्हणताना तोंडांनी माणसं मोजतात, तेही कर्जाच्या अर्जावर बोलताना कानावर पडेल. तोंडओळख म्हणजे नुसती जुजबी ओळख, माणसाची असो की विषयाची. तोंडपाठ म्हणजे न बघता म्हणता येईल असं. तोंडदेखलं आमंत्रण म्हणजे समोर दिसलात म्हणून केलेलं, जायचं नसतं. तोंडवळा म्हणजे चेहऱ्याची ठेवण; ‘तोंडवळा आजोबांवर गेलाय’ हे बाळाबद्दल हमखास. तोंडपाटीलकी करणारा माणूस बोलण्यात गाव चालवतो, काम शून्य. दुतोंडी माणूस तुम्हाला वेगळा सांगायला नको. ज्या सापावरून हा शब्द लोकांना सुचतो तो मांडूळ मात्र बिचारा निर्दोष. त्याला तोंड एकच, शेपूट बोथट असल्यामुळे दुसरं वाटतं, आणि या गैरसमजापायी त्याची तस्करी होते.

आता दुसरा प्रश्न, कुठे लागेल याचा. ‘तोंड’ हा शब्द शिवी नाही, पण तो घरगुती आहे. संस्कृतातल्या ‘तुण्ड’वरून आला, तिथे तो चोचीला, प्राण्याच्या पुढे आलेल्या तोंडाला, हत्तीच्या सोंडेलाही चालतो. वक्रतुंड नावात तोच आहे. मराठीत तो माणसाला लागला, आणि आदराची जागा ‘मुख’ने धरून ठेवली. म्हणून देवाचं मुख, पंढरपुरात पदस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, लग्नात सूनमुख, नदीचंही मुख. कारखाना, दवाखाना, सरकारी पत्रक यांना ‘मौखिक’ आवडतं. चारचौघांत माणसाच्या रूपाबद्दल बोलायचं तर ‘चेहरा’. सहकारी बाईंना ‘तुमचं तोंड आज छान दिसतंय’ असं चुकूनही म्हणू नका. ‘चेहरा प्रसन्न दिसतोय’ म्हणा, किंवा काहीच म्हणू नका.

पण फक्त आदरावर जाऊ नका. माया असली की ‘तोंड’च येतं. आजी नातवाच्या तोंडावरून हात फिरवते, चेहऱ्यावरून नाही. गावाला वेळेवर पोहोचता न आलेला मुलगा म्हणतो, ‘वडिलांचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही.’ तिथे ‘चेहरा’ घातला तर ते वाक्य परकं होईल, आणि ‘अंत्यदर्शन’ घातलं तर वर्तमानपत्रातलं.

आज्ञार्थात मात्र जपा. दंतवैद्य ‘तोंड उघडा’ आणि ‘तोंड मिटा’ म्हणतात, दोन्ही ठीक. ‘तोंड बंद करा’ म्हटलं की भांडण. मिटणं आणि बंद करणं यात एवढं अंतर आहे. ‘तोंड सांभाळून बोला’, ‘तोंड आवरा’, ‘तोंड वर करून काय बोलताय’ ही वाक्यं ओळखता आली पाहिजेत, कारण ती आली की पलीकडचा माणूस चिडलेला आहे. तुमच्या तोंडी ती नकोत. शाळेतलं ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ मोठ्यांत गमतीनं चालतं, तेही ओळखीच्यांतच.

हिंदीतून येणाऱ्यांसाठी थोडं. तुमच्याकडे मुँह पुल्लिंगी, आमच्याकडे तोंड नपुंसकलिंगी: ‘माझा तोंड’ नाही, ‘माझं तोंड’, अनेकवचन ‘तोंडं’. ‘तोंडली’ ही भाजी आहे. हिंदीतली तोंद, म्हणजे सुटलेलं पोट, हा शब्द कानाला जवळचा वाटतो पण तो संस्कृत ‘तुन्द’वरून आलेला, वेगळा. गणपतीपाशी दोन्ही आहेत, वक्रतुंड आणि तुंदिल, पण तेवढ्यावरून त्यांची गल्लत करू नका. आणि मुँह असलेला प्रत्येक हिंदी प्रयोग तोंड घालून मराठीत आणता येत नाही. मुँहबोला भाई म्हणजे मानलेला भाऊ, मुँहफट म्हणजे फटकळ.

छोटा द्विभाषिक कोश इथे अपुराच पडणार. ठाण्यातच १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथे जाऊन मोठे कोश चाळा. मोल्सवर्थचा कोश मराठी-इंग्रजी आहे, १८५७ ची दुसरी आवृत्ती. ‘तोंड’ या नोंदीखाली वाक्प्रचारांचीच गर्दी आहे. त्यातले काही आज कोणी बोलत नाही, तेव्हा तिथून उचललेलं आधी शाखेतल्या एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला म्हणून दाखवा. ते हसले तर सोडून द्या.

बोलायला कशापासून सुरू करावं? ‘तोंडी’, ‘च्या तोंडावर’, ‘तोंडून’, ‘तोंडपाठ’, ‘ला तोंड देणे’ हे पाच उद्यापासून वापरा, त्यात कोणाला काही लागत नाही. काळं करणं, सोडणं, घालणं हे ऐकण्यापुरतं. आणि गोडाचे दोन प्रयोग तुमच्या खुर्चीत बसल्यावर रोजच लागतील, त्यांची वेळ वेगवेगळी आहे. कर्जाचं काम अजून अडकलेलं असताना तुम्ही ‘होऊन जाईल’ म्हणालात, तर ग्राहक म्हणेल ‘तुमच्या तोंडात साखर पडो’; त्यावर नुसतं हसायचं, साखर येणार नसते. मंजुरी मिळाल्यावर तोच पेढ्यांचा डबा घेऊन येतो आणि म्हणतो ‘तोंड गोड करा’. बँकेचा नियम आड येत नसेल तर एक उचला.